ग्रामीण रुग्णालयाचा नफा-तोटा कोणाच्या वहीत मांडायचा?

नागपूरच्या मेडिकलमध्ये सकाळी ओपीडीच्या रांगेत काटोल, उमरेड, रामटेककडची माणसे हमखास भेटतात. सामाजिक कार्यकर्ती म्हणून रुग्णांसोबत जाताना मी त्यांच्याशी बोलते. अनेकांचा आजार तालुक्यातच बरा होण्यासारखा असतो. तरीही दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून ते इथवर येतात. ग्रामीण रुग्णालय कसे चालले आहे, याचे पहिले उत्तर या रांगेत आहे.

कागदावर व्यवस्था नीट आखलेली आहे. १ लाख २० हजार लोकसंख्येमागे (आदिवासी व डोंगराळ भागात ८० हजारांमागे) ३० खाटांचे एक रुग्णालय आणि तिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ असावेत, हा केंद्राचा निकष. पण भूलतज्ज्ञाचे एक पद रिक्त राहिले तरी सिझेरियन थांबते. शस्त्रक्रियागृह आहे, परिचारिका आहेत, तरी गर्भवतीला रात्री १०८ मध्ये बसवून नागपूरला पाठवावे लागते.

गुणवत्तेचे गुण

सरकारी रुग्णालयांची गुणवत्ता मोजण्यासाठी २०१३ पासून ‘एनक्वास’ ही राष्ट्रीय मानके आहेत. सेवा, रुग्णांचे हक्क, संसर्ग नियंत्रण अशा आठ बाबी तपासल्या जातात आणि प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागतात. स्वच्छतेसाठी २०१५ पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार आहे. दोन्ही उपयोगी आहेत. पण बाहेर पाठवलेल्या बाईचे पुढे काय झाले, तिच्या घरच्यांनी किती कर्ज काढले, हे त्या गुणपत्रिकेत दिसत नाही.

पैशाचा हिशेब

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. हा निर्णय योग्यच होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ठरावीक उपचारांचे दावे करून रुग्णालयाला पैसे मिळू शकतात. पण रक्तदाबाची महिन्याची गोळी किंवा मुलाच्या तापावरचे औषध यातून दावा निघत नाही. दाव्यांच्या कमाईवर जोखले, तर आपले मुख्य काम चोख करणारे रुग्णालयही नापास ठरेल.

म्हणून हिशेबच नको, असे नाही. पगार, वीज, इमारत यांचा बहुतेक खर्च ३० खाटांसाठी ठरलेला असतो. त्यातल्या १० खाटाच भरल्या, तर प्रत्येक भरलेल्या खाटेमागे तो तिप्पट पडतो. म्हणजे तज्ज्ञाचे पद रिक्त ठेवून शासन पगार वाचवते आणि बाकीचा खर्च वाया घालवते. उरलेला भार मजुराच्या खिशावर आणि मेडिकल, मेयोच्या वॉर्डांवर पडतो.

हा भार किती महाग पडतो, ते नांदेडने दाखवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा औषधे आणि मनुष्यबळाबरोबरच, बाहेरून अखेरच्या क्षणी पाठवलेल्या रुग्णांचीही चर्चा झाली होती.

आपण काय विचारायचे?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितले होते. महाराष्ट्र त्यापासून अजून दूर आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे आणि गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा: तज्ज्ञांची किती पदे किती महिन्यांपासून रिक्त आहेत, सरासरी किती खाटा भरलेल्या असतात, महिन्याला किती रुग्ण कोणत्या कारणाने रेफर झाले, आणि किती औषधे बाहेरून आणायला सांगितली. ही उत्तरे दर महिन्याला दर्शनी फलकावर लागली पाहिजेत. खाजगी दवाखाना न परवडणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी रुग्णालयाचा खरा ताळेबंद तोच आहे.