फक्त पोरांनाच ऐकू येणारा आवाज

२००५ साली वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थाने एक छोटी पेटी बनवली. दुकानाच्या दारावर लावायची. तिच्यातून साधारण १७ किलोहर्ट्झचा, कानात सुई टोचावी तसा आवाज येतो. पंचविशीच्या आतल्यांना तो ऐकू येतो, त्यापुढच्या बहुतेकांना येत नाही. दारापुढे घोळका करून उभी असलेली पोरं वैतागून निघून जातात आणि सामान घ्यायला आलेल्या काकांना काही जाणवतही नाही. यंत्राचं नाव ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. पहिली चाचणी बॅरी नावाच्या गावातल्या एका दुकानाबाहेर झाली. पुढच्याच वर्षी त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे ऐकताना हसू येणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस. विभाग होता शांततेचा.

वीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज उकरून काढण्याचं कारण असं, की मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशाच एका यंत्राची लिंक आली. आम्ही ट्रॉम्बेत राहतो, चिता कॅम्पपासून हाकेच्या अंतरावर. गेटबाहेरच्या कठड्यावर संध्याकाळी आठ-दहा मुलं बसतात. मोबाइलवर गेम खेळतात, रील बघतात, मोठ्याने हसतात, कधी शिव्याही देतात. परकी कुणी नाहीत. मगरिबच्या नमाजला त्यातले दोघं-तिघं आमच्याच सफमध्ये उभे असतात. लिंक टाकणाऱ्या चाचांनी खाली लिहिलं होतं, ‘एकदाच खर्च. भांडण नाही, तंटा नाही.’ त्यावर पटापट अंगठे आले.

मला अडचण त्या ‘भांडण नाही’चीच आहे.

आधी यंत्राबद्दल. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक गुंडाळी असते. तिच्या तोंडाशी असलेल्या बारीक केसपेशी सगळ्यात उंच स्वर पकडतात आणि वयाबरोबर आधी त्याच निकामी होतात. त्या परत उगवत नाहीत. मी घरी फोनवर हळूहळू स्वर चढवून पाहिला. माझं वय चौतीस, साधारण पंधरा हजार हर्ट्झनंतर मला शांतता. अब्बू तर केव्हाच पेपरात परत शिरले होते. चौदा वर्षांचा भाचा मात्र दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला, ‘मामू, बंद करा!’ एका खोलीत तीन माणसं, आणि एकालाच त्रास. बाकीच्या दोघांना तो नाटक करतोय असं सहज वाटलं असतं.

इंजिनिअर म्हणून माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ज्याने यंत्र लावलं त्यालाच ते चालू आहे की बंद, आवाज किती आहे, रात्रभर चालू राहिलं का, हे कानाने कळणार नाही. आम्ही ऑफिसात असं सॉफ्टवेअर बनवलं, ज्यातला दोष वापरणाऱ्याला दिसतच नाही, तर ते कुणी लाइव्ह जाऊ देणार नाही. दुसरं असं, की हा आवाज माणूस ओळखत नाही, फक्त वय ओळखतो. शिवी देणारा मुलगा आणि दहावीचं पुस्तक घेऊन दिव्याखाली बसलेला मुलगा त्याला सारखेच. तान्ह्या बाळालाही तो ऐकू येतो, आणि बाळ का रडतंय हे त्याच्या अम्मीला कळत नाही. विकणारी कंपनी म्हणते, इजा होईल इतका आवाज नाही. मानूया. पण बालहक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००८ मध्ये ब्रिटनला या यंत्राचा फेरविचार करायला सांगितलं आणि २०१० मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने ते बंद करण्याची शिफारस केली. त्यांचं म्हणणं फक्त इजेपुरतं नव्हतं. एका वयोगटाला सार्वजनिक जागेतून हुसकावणं हाच भेदभाव आहे, असं ते म्हणत होते.

मीटिंगमध्ये हे बोललो तेव्हा एक भाभी म्हणाल्या, ‘तुम्हाला काय, तुम्हाला मुलगी नाही.’ हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. गेटवरून जाताना मुलींना ऐकून घ्यावं लागतं हे खरं आहे. पण त्यांची मुलगी सतरा वर्षांची आहे. क्लासहून येताना रोज त्याच गेटमधून ती आत येते. म्हणजे जिच्या नावाने यंत्र लावायचं, तिच्याच कानात ते रोज वाजणार, आणि लावणाऱ्या भाभींना ते ऐकूही येणार नाही! ज्याने छेड काढली त्याचं नाव घ्या, त्याच्या घरी जा, गरज पडली तर चौकीवर जा. मी सोबत येतो. दहा जणांच्या कानात सुई टोचल्याने त्या एकाला त्याने काय केलं ते कळत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक मुंबईबद्दलच लिहिलं. बायकांच्या सुरक्षेच्या नावाखाली गरीब आणि मुसलमान पोरांना रस्त्यावरून हटवलं जातं, पण त्याने रस्ता बायकांचा होत नाही, असं त्या मांडतात. आमच्या गेटला ते तंतोतंत लागू पडतं. फरक एवढाच, की इथे हटवणारेही आपण आणि हटणारेही आपलेच.

आवाजाचा वाद आपल्याला नवा नाही. कुर्ला-चुनाभट्टीकडच्या रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तेव्हा आपल्यातले बरेच जण, मीही, म्हणत होतो की ठीक आहे, पण मोजपट्टी सगळ्यांना एकच लावा. मशीद, मंडळ, लग्नाचा डीजे, सगळ्यांना. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हा २००० सालचा नियम आहेच. आता हीच मोजपट्टी आपल्या पोरांच्या बाबतीत का नको? (एक गंमत सांगतो. नियमातले डेसिबल ज्या ‘ए’ पद्धतीने मोजतात, ती मोठ्यांच्या ऐकण्याच्या सवयीला धरून उंच स्वर कमी करून दाखवते. १६ किलोहर्ट्झला साधारण साडेसहा डेसिबलने. मोजणारं यंत्रसुद्धा काकांच्या बाजूचं!)

आता या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. यंत्र बाजारात आलं आणि वर्षभरातच, २००६ मध्ये, ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी तोच आवाज रिंगटोन करून फोनमध्ये घातला. ‘टीन बझ’. वर्गात मेसेज आला की मुलांना कळणार, सरांना नाही. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नव्हतं. डिजिटल ध्वनी बहुधा सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवतात, त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा स्वर मावतो. ज्या आवाजाने त्यांना हाकलायचं होतं, तोच त्यांनी खिशात ठेवला. नंतर त्याच कंपनीने स्वतःचा रिंगटोनही विकायला काढला. धंदा म्हणजे धंदा.

शाळेतल्या फोनबंदीचं असंच होतं. सीबीएसईने शाळांत मोबाइलवर निर्बंध घालणारं परिपत्रक २००९ मध्ये काढलं. त्यानंतर फोन दप्तरातून पायमोज्यात गेला, पायमोज्यातून डब्याच्या पिशवीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच तो मुलांच्या हातात दिला. घरात एक फोन आणि शिकणारी तीन पोरं, तोही अब्बा कामावर जाईपर्यंतच, हे चित्र आपल्या गल्लीत कुणाला नवं नाही. दोन वर्षं ‘फोन घे आणि अभ्यास कर’ म्हटलं, मग एक दिवस ‘फोन घेतलास तर बघ’. मधे कुणी बसून बोललंच नाही.

वर्गात फोन नको, याच्या मी बाजूने आहे, हे स्पष्ट सांगतो. ज्या ॲपना तुमचं लक्ष विकूनच पैसे मिळतात, ती कशी बांधतात हे मला धंद्यातून ठाऊक आहे. तेरा वर्षांच्या मुलाने एकट्याने त्यांच्याशी लढावं ही अपेक्षाच चुकीची. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ ला जो निकाल दिला तो मला शहाणपणाचा वाटतो: सरसकट बंदी योग्यही नाही आणि जमणारीही नाही, वर्गात वापर नको, जमेल तिथे फोन शाळेत जमा करून घ्यावा, आणि पालक, शिक्षक, तज्ज्ञ यांच्याशी बोलून शाळेने धोरण ठरवावं. या यादीत मी विद्यार्थ्यांनाही घालेन.

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ मध्ये हा प्रश्न दोन वेगळ्या रीतीने हाताळला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. मोडला तर २०० रुपये दंड. त्याआधी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळं केलं. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घराघरात टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात आणि आईची मालिका, बापाचं व्हॉट्सॲपही थांबतं. ठरवण्याआधी गावातल्या बायकांची सभा घेतली होती.

दोन्ही गावांची काळजी एकच आणि खरी. पण वडगावचा भोंगा सत्तर वर्षांच्या आजोबांनाही ऐकू येतो. मॉस्किटोच्या बरोबर उलटं यंत्र आहे ते. नियम करणाऱ्यालाही तो नियम ऐकू यायला हवा, एवढीच माझी अट आहे. सोसायटीच्या गेटवर, शाळेत आणि घरातही. इशानंतर अब्बा दोन तास रील बघत असतील, तर मुलाला ‘फोन ठेव’ हे वाक्य १७ किलोहर्ट्झवर वाजतं. त्रास होतो, पण त्यात सांगणं काही नसतं.

चिता कॅम्पच्या बुजुर्गांनी तर हे इतरांपेक्षा आधी ओळखायला हवं. ही वस्ती वसली ती १९७६ मध्ये, आणीबाणीत. अणुशक्ती केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी पोलीस लावून उठवली आणि हजारो माणसं इथे आणून टाकली. कुणाला तरी ती नजरेसमोर नको होती. त्या लढ्यातून जॉकिन अर्पुथम घडले, ज्यांना पुढे २००० साली मॅगसेसे मिळालं. जनता कॉलनीतला कचरा महापालिका उचलत नव्हती, तेव्हा त्यांनी वस्तीतल्या मुलांना गोळा करून पिशव्यांतून तो कचरा नेऊन पालिकेच्या दारात टाकला, ही गोष्ट ते स्वतः सांगत. म्हणजे ही वस्ती एकेकाळी पोरांना सोबत घेऊन भांडली आहे. आज त्याच पोरांच्या नातवंडांनी कठड्यावर बसू नये म्हणून आपण यंत्र शोधतोय.

आणि ती कठड्यावर का बसतात? दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसं असतील, तर सोळा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी बसायचं कुठे? आपला एम-पूर्व वॉर्ड २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला होता, निर्देशांक ०.०५. मैदान, वाचनालय, अभ्यासिका यांची मोजदाद करायला फार बोटं लागत नाहीत. मुलींना तर कठडाही नाही. त्या गच्चीवर नाहीतर जिन्यात उभ्या राहून फोनवर बोलतात.

म्हणून यंत्राला विरोध करून गप्प न बसता मी मीटिंगमध्ये लेखी मागणी दिली आहे. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी सातनंतर रिकामंच असतं. ते आठवड्यातले सहा दिवस साडेनऊपर्यंत मुलांसाठी उघडं ठेवायचं, तीन दिवस मुलींचे, तीन मुलांचे, आणि वस्तीतली पोरंही त्यात येणार. फोनचे नियम त्यांनी लिहायचे. शेजारच्या मशिदीच्या वरच्या हॉलबद्दलही विश्वस्तांशी बोलणं चालू आहे. तिथून अजून ‘बघू’च्या पुढे गाडी गेलेली नाही.

मागणी देण्याआधी मी त्या कठड्यावर जाऊन बसलो. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प, मग सुटले. त्यांना हवं होतं चार्जिंगचं बटण, पंखा, आणि दर पाच मिनिटांनी वॉचमनने येऊन टॉर्च मारू नये. मुलींची यादी माझ्या बहिणीने आणली. तिच्यात पहिल्या नंबरवर होता नाक्यापासून गेटपर्यंतचा बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, दुसऱ्यावर आतून कडी लागणारं टॉयलेट. यंत्राच्या किमतीत पंखा आणि कडी दोन्ही बसतात. दिव्याची तक्रार पालिकेकडे केली आहे.

पुढच्या रविवारच्या मीटिंगला त्यांच्यातले दोन मुलगे आणि दोन मुली बोलायला येणार आहेत. सदस्य नसलेल्यांना आत बसू देता येतं का, ते सेक्रेटरी अजून बघत आहेत.