विश्लेषण : औषधाचे बिल घेता का? मेडिकलच्या काउंटरवर नियम काय सांगतात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी घेतले. यातील अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत झालेल्या तपासणीत ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्के. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) ‘एसआर-१३’ या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्यास सांगितले.

दोष कारखान्यातला होता. काउंटरवरच्या माणसाला सिरपमधले विष डोळ्यांनी दिसत नाही. पण बाटली कोणाच्या घरी गेली, हे सांगू शकणारी शेवटची जागा म्हणजे मेडिकल स्टोअर. तिथे नोंदच नसेल, तर इशारा पोहोचणार कोणापर्यंत?

कायदा काय म्हणतो?

औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालील नियम १९४५ चे. किरकोळ दुकानासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. मुदत संपलेले औषध विकता येत नाही. चिठ्ठीवर एक औषध असताना परस्पर दुसरे देता येत नाही. दुकानदाराने स्वतःचा मालही परवानाधारकाकडूनच, बिलासह घ्यायचा असतो.

फार्मासिस्ट नसला तर काय बिघडते?

दोन औषधांची नावे सारखी असतात, एकाच गोळीचे ५ आणि ५० मिलिग्रॅम असे डोस असतात, चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही. चूक पकडण्याची अखेरची संधी काउंटरवर असते. तरीही प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसरीकडेच, हा प्रकार जुना आहे. महेश झगडे एफडीए आयुक्त असताना फार्मासिस्टच्या उपस्थितीची मोहीम राबवली गेली, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला होता. नियम मोडणे किती अंगवळणी पडले होते, हे त्यातून दिसले.

‘एच-१’ म्हणजे काय?

१ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगावरची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्यांसाठी ‘एच-१’ ही वेगळी अनुसूची लागू आहे. ही औषधे देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची नोंद रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षे जपावी लागते. ‘चिठ्ठी नाही, पण नेहमीचं गिऱ्हाईक आहे’ ही सवलत कायद्यात नाही. अँटिबायोटिक्स अशी सहज मिळत राहिली, तर पुढे खऱ्या गरजेच्या वेळी ती चालेनाशी होतात.

फ्रिजचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. लसींनाही थंड साखळी लागते. उन्हाळ्यात लोडशेडिंग झाले किंवा रात्री दुकानाचे मेन स्विच बंद केले, तर फ्रिज तापतो. सकाळी तो पुन्हा थंड होतो आणि रात्री काय घडले ते कोणालाच कळत नाही. बिघडलेले इन्सुलिन वरून चांगलेच दिसू शकते. रुग्णाची साखर मात्र आटोक्यात येत नाही. दर काही मिनिटांनी तापमान नोंदवणारे छोटे उपकरण हा यावरचा सोपा उपाय आहे. फ्रिज आहे का, एवढेच तपासून भागणार नाही. रात्रीच्या तापमानाची नोंदही तपासायला हवी.

तुम्ही काय पाहाल?

- बिल मागा. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत आहे का ते पाहा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- दुकानात परवाना दर्शनी भागात आहे का, फार्मासिस्ट हजर आहे का, विचारा.
- १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन करून बॅच आणि मुदत पाकिटावरच्या छपाईशी जुळते का ते पाहा.
- सुटी पट्टी घेताना मुदत छापलेला भाग कापून गेलेला नाही ना, हे पाहा.
- इन्सुलिन फ्रिजमधूनच काढून दिले का, बघा आणि घरी लगेच फ्रिजमध्ये ठेवा.
- संशय आला तर औषध फेकू नका. पाकीट आणि बिलासह एफडीएकडे तक्रार करा. औषधाचा त्रास झाला तर डॉक्टरांना गाठा आणि १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही कळवा.

मग जबाबदारी ग्राहकाचीच?

नाही. चिठ्ठी हातात घेऊन आलेल्या, घरी आजारी माणूस असलेल्या व्यक्तीने दुकानाची तपासणी करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम औषध निरीक्षकांचे. त्यांची पदे भरणे, प्रयोगशाळांचे अहवाल वेळेत लावणे आणि सदोष बॅचचा इशारा प्रत्येक दुकानाच्या बिलिंग संगणकापर्यंत पोहोचवणे हे सरकारने करायला हवे. बॅच क्रमांक टाकताच विक्री अडेल, अशी सोय बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये अशक्य नाही. मात्र बिलच फाडले नाही, तर कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘बिल राहू द्या’ म्हणू नका.