एका बोटाची जातपंचायत

मला काढून टाकलंय. गावातनं नाही, घरातनं नाही. वस्तीतल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधनं. वाचणारा म्हणेल, एवढंच ना? एवढंच. पण ऐकून घ्या.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरचं एक कुटुंब अडकलं. तो व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. पाण्याच्या मधोमध एकमेकांना कवटाळून उभी असलेली माणसं, आणि पाणी चढतंय. मग ती माणसं नाहीत, नुसतं पाणी. पाच गेले. एक बाई, चार पोरं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं जीव धोक्यात घालून मढी शोधत होती. मी मुंबईला गोदीत होतो, रविवार असून पाळी होती. पाळी सुटल्यावर मोबाईल उघडला तर आमच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ अकरा वेळा.

दुसऱ्या दिवशी नावं आली. मुसलमान नावं. आणि ग्रुपचा सूर पालटला. एकानं हसरं तोंड टाकलं. दुसऱ्यानं पाचाचा आकडा टाकून त्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह काढलं. ज्या ग्रुपच्या कपाळावर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या ग्रुपवर!

मी लिहिलं, बुडालेल्या पोरांवर हसताय, उद्या तुमची नावं वाचून कोण हसंल त्याचा हिशेब ठेवा.

झालं. कुणाचा पगारी आहेस? फार शिकलास काय? (मी दहावी पास. गोदीत तेवढ्यावर गोणीच मिळती.) समाजाचा गद्दार. कविता कर, राजकारण कळत न्हाय तुला. तासाभरात अॅडमिननं बोट टेकवलं आणि मी बाहेर. अॅडमिन म्हंजे कोण परका नाही. शाळेत एका बाकावर बसलेला गडी. मळवली स्टेशनात भेटला तर जयभीम घातला त्यानं, पण मोबाईलकडं बघत.

आता खरं दुखणं सांगतो. ज्या आबांनी मला बाबासाहेबांचं लिखाण पहिल्यांदा वाचून दाखवलं, ते त्याच पावसाळ्यात वारले. पूर्वी मयताचा निरोप घेऊन पोरगं दारोदार पळायचं. आता निरोप ग्रुपवर टाकतात नि सगळ्यांना कळलं असं धरून चालतात. मला तिसऱ्या दिवशी कळलं. माझ्या आईकडं साधा फोन आहे, तिला वाटलं मला कळलं असंल. खांदा द्यायला मी नव्हतो. वाळीत टाकणं म्हंजे दुसरं काय असतं? मयताला बोलवायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही. जातपंचायती हेच करत आल्या. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ ला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ग्रुपवरनं काढणं त्यात बसत नाही, बसवा असंही मी म्हणत नाही. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, दुसऱ्यानं काय टाकलं त्याला निव्वळ अॅडमिन म्हणून अॅडमिन जबाबदार नाही. त्याच्या हातात माणूस घेणं आणि माणूस काढणं, एवढंच. बरोबरच आहे. पण आमच्या गड्यानं वजाबाकी करणाऱ्याला ठेवला आणि मला काढला. हात होता तो कुठं फिरवला, एवढंच विचारतोय.

आणि लपवत नाही, वर्षभर आधी दुसऱ्या एका पोराला असंच काढलं होतं. त्यानं जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मागितला होता. डीजेवर किती, अभ्यासिकेवर किती. तेव्हा मी अंगठा दाखवला होता. बरं झालं काढलं म्हणून.

ही भांडणं आपल्यात नवीन नाहीत. १९७४ साली पँथर फुटली तेव्हा राजा ढाले एका बाजूला, नामदेव ढसाळ दुसऱ्या बाजूला. वाईट झालं ते. पण कोण कुणाला काय म्हणतोय ते उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं. आमच्या ग्रुपवर मला गद्दार म्हणणाऱ्यांतल्या चौघांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. फोटो बाबासाहेबांचा, नावाच्या जागी निळा झेंडा. आमच्या डोक्यावर कार्ल्याची लेणी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं दान दिलं त्यानं दगडावर नाव-गाव कोरलं. धेनुकाकटचा यवन, सुतार, अत्तरवाला. परका, परधर्मातनं आलेला, त्याचाही खांब त्याच ओळीत उभा. आणि त्या लेणीच्या पायथ्याशी राहणारे आम्ही बिननावाचे, मेलेल्यांची नावं तपासतोय.

दोष एकट्या पोरांचा नाही. वजन करणारा काटाच वाकडा आहे. आमच्या धंद्यात काटा वाकडा असला की हमाल मरतो, मालक नाही. फेसबुकचे आतले कागद २०२१ साली बाहेर आले, त्यात दिसलं की २०१७ पासून रागावलेल्या तोंडासकट सगळ्या तोंडांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. पाचपट! पुढं ते वजन कमी केलं म्हणतात, पण तोवर डोकी तापली. व्हॉट्सअॅपचा मालकही तोच.

आणि हे डोकं तापणं कुठवर जातं? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी फिरतीय अशी अफवा मोबाईलवरनं पसरलेली. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागणारे भटके, पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली. आपलीच माणसं, गावकुसाबाहेरची. त्या महिन्यात कंपनीनं भारतात एक मजकूर पाचच ठिकाणी पुढं ढकलायची मर्यादा आणली. पाच मढी, पाच ठिकाणं. मला राहून राहून वाटतं, ती अफवा ज्या ज्या ग्रुपवर फिरली तिथं कुणीतरी लिहिलं असंल का, की थांबा, खात्री करा? लिहिलं असंल तर त्याचं काय केलं असंल?

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब भक्तीबद्दल बोलले. धर्मातली भक्ती एक वेळ चालंल, राजकारणातली माणसाला हुकूमशाहीकडं नेईल, असा त्या बोलण्याचा अर्थ. आम्ही त्यांचा फोटो लावून त्याखाली भक्तमंडळ काढलंय. होय म्हणणारे आत, नाही म्हणणारे बाहेर.

काढल्यावर आठवडाभरात सात जणांनी मला एकट्याला लिहिलं. तुझं बरोबर होतं भावा, पण ग्रुपवर बोलता येत न्हाय. सातांना एकच उत्तर दिलं, रविवारी सकाळी विहारात या, तिथं तोंडानं बोला. त्या वर्गणीचा हिशेब मागणाऱ्यालाही बोलावलं, आधी त्याची माफी मागितली.

रविवारी तो आला. सातातले दोघं आले. आणि अॅडमिनचा धाकटा भाऊ, न बोलावता, दाराशी चपला न काढता उभा होता.