शिट्टी वाजवा हो!

रग्बी लीगच्या प्रेक्षकाला विचारा, रेफरीकडून त्याला फक्त 'सातत्य' हवं असतं. साफ खोटं! सातत्य म्हणजे पेनल्टी सातत्याने आपल्याच बाजूला मिळावी. तोच उंच टॅकल, तोच ऑफसाइड. आपल्याला मिळाली तर न्याय, पलीकडे गेली तर दरोडा. यॉर्कशायर-लँकेशायरमधली मंडळी तर 'त्यांना मागे घे!' म्हणून पहिल्या मिनिटापासून ओरडतात. कोण किती मागे आहे हे बघायची त्यांना गरजच नसते.

पण 2019 ची सिडनीतली ग्रँड फायनल घ्या. कॅनबेरा आणि रूस्टर्स 8–8. रेफरीने हात हलवून कॅनबेराला नवे सहा टॅकल दिले आणि लगेच परत घेतले. तो इशारा खरा मानून गडी चेंडूसकट आडवा झाला, अन् चेंडू रूस्टर्सचा! ते 14–8 ने जिंकले. शेवटचा निर्णय बरोबरच होता, असं नंतर सांगण्यात आलं. असेल! पण पुढ्यातलं ताट ओढायचं आणि वर म्हणायचं, तुमचं पान इथे नव्हतंच?

म्हणजे घोळ झाला तो इशाऱ्याचा. आणि 2020 मध्ये तिथल्या कारभाऱ्यांनी काय करावं? टॅकल केल्यावर गड्याच्या अंगावर लोळत राहणाऱ्याची पेनल्टी काढून तोच इशारा तिच्या जागी बसवला! पेनल्टीला निदान शिट्टी वाजते, खेळ थांबतो, गुन्हा काय ते कळतं, दोन गुणांची किक मारता येते. इथे नुसता हात हलतो आणि खेळ पुढे. शिव्या द्यायलासुद्धा उसंत नाही हो माणसाला!