चाळीस टक्के आणि पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

दिवाळीच्या आधी ट्रम्प यांच्या ५० टक्के आयातशुल्कावर मी चार ओळी टाकल्या होत्या. आधी २५ टक्के, मग रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५, असं करत २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के लागले. त्या पोस्टखाली आपल्याच तालुक्यातल्या एका तरुणाने लिहिलं, "सर, अमेरिका म्हणजे काही सगळं जग नाही. आपण दुसरं गिऱ्हाईक शोधू." लाइक्स भरपूर पडले. एक माझाही होता.

रात्री जेवताना समोर कांद्याची फोड आली आणि डोक्यात आलं, अरे, हेच वाक्य आपल्याबद्दल ढाक्यात कुणीतरी म्हटलं असणार. "भारत म्हणजे काही सगळं जग नाही. आपण दुसरं दुकान शोधू." आणि नुसतं म्हटलं नाही, शोधलंसुद्धा.

आमच्या निफाड तालुक्यातल्या माणसाला १९ ऑगस्ट २०२३ ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. शनिवार होता. केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि तेही त्याच दिवसापासून. उन्हाळ कांदा चाळीत होता. एप्रिल-मेमध्ये भाव नाही म्हणून भरून ठेवलेला, निम्म्याहून जास्त पावसाळा काढलेला. कुणाची दहा टक्के सड, कुणाची पंचवीस. आता कुठे दोन पैसे दिसायला लागले होते. सोमवारी लिलाव बंद. मी वहीपेन घेऊन बाजार समितीच्या गेटवर उभा. ट्रॅक्टरवाले परत फिरत होते. एक अण्णा मला म्हणाले, "लिही बाबा, पण तुझ्या लिहिण्याने माझा कांदा कोंब धरायचा थांबणार आहे का?" मी ते वाक्य बातमीत टाकलं. डेस्कवर कापलं गेलं.

त्या दिवसांत आम्ही सगळ्या पत्रकारांनी काय लिहिलं? आंदोलन, रास्ता रोको, कोण मंत्री काय म्हणाला, नाफेड २४१० रुपये क्विंटलने घेणार की नाही. पुढे २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे निवडून आले, तेव्हा "कांद्याने वांदा केला" हे मथळे आम्हीच दिले. खोटं काही नव्हतं त्यात. पण कांदा विकत घेणारा परदेशातला माणूस या काळात काय करतोय, याची एकही बातमी मी केली नाही. बातमीदार म्हणून ही माझी चूक, ती मान्य करतो.

आधी हिशोब बघू, म्हणजे मुद्दा कळेल. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली. मार्च आला तर बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण सोबत ५५० डॉलरची अट आणि पुन्हा ४० टक्के शुल्क. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, मिळून ७७० डॉलर. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने किलोला साधारण ६४ रुपये. शेतकऱ्याला इथे पंधरा ते वीस रुपये मिळत होते. जहाजाचं भाडं अजून धरलेलंच नाही. सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ ला तेही शून्य.

वीस महिन्यांत नियम किती वेळा बदलला, मोजा. आता दुबईत किंवा क्वालालंपूरला बसलेल्या आयातदाराच्या जागी स्वतःला ठेवा. त्याला दर आठवड्याला माल लागतो. त्याच्या गिऱ्हाइकाला लासलगाव कुठे आहे हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तो काय करेल? पाकिस्तानचा कांदा घेईल. इजिप्तचा घेईल. चीनचा घेईल. चव आपल्याला नाही, तिखटपणा नाही, टिकत नाही, सगळं खरं. पण वेळेवर येतो ना. आपल्या बंदीच्या हंगामात पाकिस्तानच्या निर्यातदारांची चांदी झाली, ती आपल्या कृपेने.

बांगलादेशची गोष्ट तर अजून जुनी आहे. कित्येक वर्षं तो आपला सगळ्यात मोठा कांदा-गिऱ्हाईक. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अचानक बंदी घातली, तेव्हा काही दिवसांनी शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर कार्यक्रमात त्या हिंदीत हसत हसत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगून ठेवलंय, जेवणात कांदा बंद. पुढच्या वेळी आधी थोडं कळवा तरी. सभागृह हसलं. आपणही हसलो, मीमं केली. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा न कळवता बंदी घातली. सीमेवर कांद्याचे ट्रक उभे. त्याच दिवसांत तिकडून दुर्गापूजेसाठी हिलसा मासे पाठवले जात होते, हे विशेष.

एकदा झालं तर माणूस रागावतो, भांडतो. दोनदा झालं की भांडत बसत नाही, दुसरी सोय बघतो. ढाक्याने तेच केलं. स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा लावायला लावलं, उन्हाळी कांदा वाढवला, आणि आता त्यांचा माल बाजारात असला की ते आयातीचे परवानेच थांबवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये कराचीहून एक मालवाहू जहाज थेट चितगावला लागलं, कित्येक दशकांनी. त्यात कांद्याचेही कंटेनर होते. त्याला तिकडचं सत्तांतर कारण आहे, सगळं खापर कांद्यावर फोडणार नाही. पण दार उघडायची वेळ आली तेव्हा आत जायला माल तयार होता, एवढं खरं.

म्हणून २०२५ मध्ये काय झालं बघा. १ एप्रिलला शुल्क शून्य. आम्ही "शेतकऱ्यांना दिलासा" असा मथळा दिला. आणि वर्षभर भाव हजार-दीड हजाराच्या आसपासच घुटमळत राहिला. पीक भरपूर आलं, नाफेडचा साठाही बाजारात उतरला, ही कारणं आहेतच. पण शुल्क काढलं म्हणजे गिऱ्हाईक आपोआप परत येतं असं जे आपण सगळे धरून चाललो होतो, ते तसं झालं नाही. कर एका अधिसूचनेत जातो, गेलेला विश्वास परत यायला अधिसूचना निघत नाही.

सोयाबीनवाल्यांना याहून मोठं उदाहरण ऐकवतो. १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेत महागाई वाढली म्हणून निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यात रोखली. पुरती बंदी थोडे दिवसच टिकली, मग परवाना पद्धत, मग सगळं पूर्ववत. अमेरिकेच्या लेखी विषय संपला. पण जपान जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेकडून घ्यायचा. तिथे सोयाबीन म्हणजे आपल्याकडची डाळ समजा. जपान हादरला. पुढच्या वर्षी त्यांचे पंतप्रधान तनाका ब्राझीलला गेले. मग सेरादो नावाच्या पडीक समजल्या जाणाऱ्या माळरानावर सोयाबीन उभं करायला जपानचा पैसा आणि तंत्रज्ञान गेलं. आज जगात सगळ्यात जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो आणि निर्यातही तोच करतो. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनवर शुल्क लावलं, चीनने उलट अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावले आणि ब्राझीलकडे वळला. माल तिथे तयार होता. अमेरिकेला आपल्याच शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलर्सची मदत वाटावी लागली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीचं बिल होतं ते.

आता गुंतवणूकदार. हा शब्द आला की आपल्याला सूटबूट आणि दलाल स्ट्रीट दिसतो. ते लोक लगेच बोलतात, हे बरोबर. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जगभराच्या मालावर शुल्क जाहीर केलं, दोन दिवसांत चीनने ३४ टक्क्यांचं उत्तर दिलं, आणि ७ एप्रिलला आपला सेन्सेक्स २,२२६ अंकांनी आपटला. त्या दिवशी किती जणांनी मला "एसआयपी बंद करू का" म्हणून फोन केले! मी काय सांगणार, माझीच लाल दिसत होती. पण ट्रम्प शेअर बाजाराने हलले नाहीत. अमेरिकी सरकार ज्या रोख्यांवर कर्ज उचलतं ते लोक विकायला लागले, व्याज चढायला लागलं, तेव्हा ९ एप्रिलला त्यांनी चीन सोडून बाकीच्यांना ९० दिवसांची सवलत दिली. सावकार हात आखडता घेतो तेव्हा पाटीलसुद्धा ऐकतो.

पण गुंतवणूकदार आमच्या तालुक्यातही आहे. त्याच्याकडे सूट नाही. माझा एक वर्गमित्र, नाव नको, त्याने २०२३ मध्ये हायवेला लागून जागा घेतली होती. प्रतवारी, पॅकिंग, थेट मलेशियाला कंटेनर, असा बेत. बँकेचं कर्ज मंजुरीला होतं, वीस-पंचवीस बायकांना काम मिळालं असतं. १९ ऑगस्ट झालं, डिसेंबरची बंदी झाली, त्याने कागद परत घेतले. तो मला जे म्हणाला ते मी विसरत नाही. "चाळीस टक्के कायमचे लावले असते तरी मी हिशोब बसवला असता रे. मला भीती टक्क्याची नाही, शनिवारची आहे." त्या जागेवर आज शेजारच्या मंगल कार्यालयाच्या गाड्या लागतात.

त्याने आंदोलन केलं नाही, निवेदन दिलं नाही, कुठल्याही आकड्यात तो येत नाही. न झालेल्या गुंतवणुकीची नोंद होत नाही. आमच्याकडेही तिची बातमी होत नाही.

कुणी म्हणेल, मग शहरातल्या माणसाने शंभर रुपये किलोने कांदा खायचा का? २०१९ च्या शेवटी तशी वेळ आली होती. माझी बहीण पुण्यात भाड्याच्या घरात राहते, तिचं बजेट मला माहीत आहे. त्या बाजूलाही पोट आहे. सरकारने काहीच करू नये असं मी म्हणत नाही. साठा करावा, वेळेवर बाजारात सोडावा, गरज पडली तर शुल्कही लावावं. पण लावणीच्या आधी सांगा की भाव अमुक पातळीच्या वर गेला तर अमुक शुल्क लागेल आणि खाली आला की निघेल. बंदरात पोचलेल्या, करार झालेल्या मालाला हात लावू नका. गिऱ्हाईक देशाला महिनाभर आधी कळवा. हसीनाबाईंनी एवढंच तर मागितलं होतं.

आणि आपल्याकडे शुल्क लावण्यानेच मार बसतो असंही नाही. ट्रम्प यांच्या ५० टक्क्यांवर आपण उलट शुल्क लावलं नाही, ते बहुधा शहाणपणाचंच. पण कापड गिरण्यांना आधार म्हणून १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी वेचणी सुरू असताना. अमेरिकेने मारलं तिरुपूरच्या कारखान्याला, वळ उठला यवतमाळच्या पाठीवर. तारीखही बघा, पुन्हा १९ ऑगस्टच.

त्या तरुण मित्राला एवढंच सांगायचंय, की दुसरं गिऱ्हाईक जरूर शोधू. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, युरोपशीही तेव्हा बोलणी चालू होती. फक्त त्या नव्या गिऱ्हाइकाने आपली चौकशी करायला ढाक्याला किंवा दुबईला फोन लावला, तर तिथून काय सांगतील, याचा विचार करून ठेव.

ज्यांच्याकडे ऑगस्ट २०२३ च्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या हिशोबपट्ट्या असतील त्यांनी फोटो मेसेजमध्ये पाठवा. नावं झाकून घेईन. मलेशिया, आखात, बांगलादेशला माल पाठवणाऱ्या मंडळींपैकी ज्यांचं जुनं गिऱ्हाईक तुटलं त्यांनीही बोला, नाव देणार नाही. २०२३ मध्ये करायची राहिलेली बातमी आता करतोय.