बेस्ट बिफोर १४ ऑक्टोबर

दुधाच्या पिशवीवर तारीख असते. ब्रेडवर असते, खोकल्याच्या औषधावर असते, दहा रुपयांच्या वेफर्सच्या पुड्यावरही असते. (आत वेफर्स किती आणि हवा किती हे कळत नाही, पण तारीख असते!) तमाम आयांचं तर ठरलेलं आहे. दुकानात उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, ती तारीख वाचल्याशिवाय पिशवीत काही पडत नाही.

आणि आपण? आपण पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप घेतो. हप्त्यांवर घेतो. सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेचा रंग दोनदा बदलून घेतो. रॅम किती, स्क्रीन केवढी, वजन किती, सगळं विचारतो. ‘हा चालणार किती वर्षं?’ हे मात्र विचारत नाही. विचारलं तरी उपयोग नाही, कारण खोक्यावर ते लिहिलेलंच नसतं.

पण मंडळी, तारीख असते बरं का. फक्त आपल्याला ती वरात निघून गेल्यावर कळते.

ताजं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणजे नक्की काय झालं? तसं पाहिलं तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाले, एक्सेल उघडलं, बॉसचा ‘अर्जंट’वाला मेलही वेळेवर आला. थांबले ते सुरक्षेचे पॅच. सोसायटीचा वॉचमन नोकरी सोडून गेला, इतकंच. बिल्डिंग उभी आहे, लिफ्ट चालू आहे, पाणीही येतंय. पण वॉचमन नाही ही बातमी चोरांना आपल्याआधी लागलेली असते, भानगड ती आहे.

मजा म्हणजे ही तारीख काही अचानक आकाशातून पडली नाही. विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ला, आणि सपोर्ट ऑक्टोबर २०२५पर्यंत हे कंपनीच्या वेबसाइटवरच्या एका तक्त्यात तेव्हापासूनच होतं. कोण वाचतंय तो तक्ता? आपण लोनच्या कागदांवर न वाचता सह्या करणारी माणसं! शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्याच एका गृहस्थांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं होतं, की विंडोज १० हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन. लोकांनी ‘शेवटचं’ हा शब्द लक्षात ठेवला आणि तक्ता विसरले.

तेव्हा हेच विंडोज १० आपल्या गळ्यात घालायची किती घाई होती, आठवतंय? पहिलं वर्षभर फुकट. स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत आग्रह. अगदी लग्नाच्या पंगतीतला. ‘नको’ म्हणायला जावं तर पानात जिलबी पडलेली. २०१६मध्ये तर कहर झाला. खिडकी बंद करायला वरच्या फुलीवर क्लिक केलं, की त्याचा अर्थ ‘ठरलेल्या वेळी करून टाका अपग्रेड’ असा घेतला जायचा. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंचा कॉम्प्युटर या नको असलेल्या अपग्रेडनंतर धड चालेना. बाई थेट कोर्टात गेल्या आणि दहा हजार डॉलर घेऊन परत आल्या. वा बाई वा!

थोडक्यात काय, २०१६ला ‘घ्या हो घ्या’ आणि २०२५ला ‘सोडा हो सोडा’.

ग्रेस मार्कांची गोष्ट

‘मग विंडोज ११ घ्या की, ते पण फुकटच आहे,’ असं तुमच्या ऑफिसातला तो सर्वज्ञ सांगेल. (प्रत्येक ऑफिसात एक असतो. प्रिंटरचा पेपरही त्यालाच काढता येतो.) बरोबर आहे, फुकट आहे. पण आधी एंट्रन्स द्यावी लागते.

ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सोय लागते. पासवर्डच्या आणि कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारी ही छोटी तिजोरी. ती बऱ्याच मशिनमध्ये असतेही. खरी विकेट पडते ती प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही आठवी पिढी आली २०१७मध्ये. म्हणजे २०१६-१७ला तुम्ही हौसेनं, दिवाळीचा बोनस मोडून घेतलेला दणकट आय-सेव्हन नापास, आणि त्यानंतरचा गरीब बिचारा, उघडताना धापा टाकणारा स्वस्त लॅपटॉप पास! अप्रेझलसारखंच आहे हे. पाच वर्षं राबलात, छान, पण फॉर्मवरच्या सातव्या रकान्यात टिक नाही.

यातही एक गंमत आहे. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ नावाचा महागडा कॉम्प्युटर होता. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. म्हणजे नियमानं नापास. मग काय झालं? ऑगस्ट २०२१मध्ये सातव्या पिढीतला नेमका तो प्रोसेसर, ठरावीक मशिनपुरता, पास यादीत आला. मुख्याध्यापकांच्या चिरंजीवांना ग्रेस मार्क कसे मिळतात, ते आपण शाळेत पाहिलेलं आहे.

मॅकवाल्यांनो, फार हसू नका. इंटेल प्रोसेसरचा मॅक प्रो ॲपलनं जून २०२३पर्यंत विकला. किंमत अशी की त्यात एक बरी गाडी यावी. आणि जून २०२५मध्ये जाहीर केलं की इंटेलच्या मॅकसाठी टाहो हे शेवटचं व्हर्जन. सुरक्षेचे पॅच पुढे काही काळ मिळतात हे खरं, पण शेवटच्या महिन्यात मॅक प्रो घेतलेल्या माणसाची आठवण काढून एक मिनिट शांत बसूया.

मग अपडेट हवंच का?

हवंच. इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला. अनेकांनी ‘रिमाइंड मी लेटर’ केलं. मे महिन्यात त्याच भोकातून वॉनाक्राय शिरला आणि जगभरची हॉस्पिटलं, ऑफिसं, कारखाने अडकले. शेवटी २०१४मध्येच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा कंपनीला पॅच काढावा लागला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्यानं हेच भोक वापरलं, शिवाय आणखी वाटा शोधल्या, आणि आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं. कुठल्या तरी परदेशातली ढिली खिडकी आणि कंटेनर अडकले उरणला. त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखं आहेच काय?’ हे म्हणू नका. बँकेचा पासवर्ड आहे.

(अपडेटनंही कधी घात होतो, हेही मान्य. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका फसलेल्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळी पडली आणि आपल्याकडे विमानाचे बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. आयटीच्या देशात शेवटी बॉलपेन कामाला आलं.)

मुद्दा हा, की वॉचमन हवाच. पण तो किती वर्षं राहणार हे फ्लॅट विकतानाच सांगा ना!

कारण या तारखेचा फटका कुणाला बसतो बघा. आपल्याला ऑफिस दर चार वर्षांनी नवा लॅपटॉप देतं. जुनं मशिन असतं ते बाबांकडे, ज्यांना फक्त पेन्शनचं स्टेटमेंट आणि नातवाचा व्हिडिओ कॉल हवा असतो. ते असतं गावच्या शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात, छोट्या सीएच्या ऑफिसात. आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका करतात. त्यांच्याकडे एक्सपी, त्यावर पेजमेकर, त्यात त्यांचे ते लाडके जुने मराठी फॉन्ट, जे नव्या मशिनवर उघडले की ‘चि. सौ. कां.’चे चौकोन होतात. मी एकदा सुरक्षेवर त्यांचं बौद्धिक घेतलं. काका शांतपणे म्हणाले, ‘अरे, याला मी इंटरनेटच लावलेलं नाही. ज्या घराला दार नाही, त्यात चोर शिरेल कुठून?’ लाखांचा पगार घेणाऱ्या सिक्युरिटी कन्सल्टंटनं याहून वेगळं काय सांगितलं असतं?

कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर २०२३मध्ये अंदाज केला होता, की विंडोज १० थांबल्यामुळे जगभरातले २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. बिघडले म्हणून नव्हे, तारीख उलटली म्हणून. आपल्या घरात मिक्सर वीस वर्षं चालतो, दोनदा भांडं बदलतो, तीनदा ब्रश. ‘चालतंय की!’ हा आपला राष्ट्रीय बाणा. त्यांनी मात्र शब्द बदलला. तुमचं चालतंय, पण आमच्याकडून संपलंय.

ओरडणाऱ्याचे कुळीथ विकतात

मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा पॅचची मुदतवाढ देऊ केली. ३० डॉलर भरा, किंवा त्यांचे एक हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवा आणि फुकट घ्या. कंपन्यांसाठी दर मशिनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. इन्क्रिमेंट असावं तर असं!

युरोपातल्या ग्राहक संघटनांनी मात्र ही क्लाउडची अट मान्य केली नाही. आवाज उठवला आणि सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या ग्राहकांसाठी ती अट गेली. तिथे फोन आणि टॅबलेटसाठी २० जून २०२५पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. म्हणजे जमतं! मागितलं की जमतं. आपल्याकडेही सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. पाऊल चांगलंच आहे. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी, एक ओळ छापा: ‘सुरक्षा अपडेट या तारखेपर्यंत.’ बस्स. वेफर्सवाल्याला जमतं, तुम्हाला का जमू नये?

तोवर काय करायचं? तीन गोष्टी.

एक, नवीन काही घेताना दुकानदाराला विचारा, ‘अपडेट किती वर्षं?’ तो आधी गोंधळेल, मग ‘लाइफटाइम’ म्हणेल. कुणाचं लाइफटाइम, तेही विचारा. काही फोनवाल्यांनी आता हे स्वतःहून सांगायला सुरुवात केली आहे. गूगलनं २०२३च्या पिक्सेल ८ला आणि सॅमसंगनं २०२४च्या एस २४ला सात वर्षांचा शब्द दिला.

दोन, घरातला जुना लॅपटॉप फक्त स्लो असेल, तर तो भंगारात देण्याआधी लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा!) किंवा पुण्यात तपकीर गल्ली गाठा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की म्हातारबुवा जॉगिंगला निघतात.

तीन, विंडोज ११ नाकारत असेल आणि बाबांचं काम ब्राउझर, मेल, चार पत्रं एवढंच असेल, तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, मराठी टायपिंग होतं. टॅली किंवा ऑफिसचं एखादं खास सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र थांबा, नाहीतर रविवार तुमचाच जाईल. आणि काहीही करण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्या. नातवाचा पहिला वाढदिवस गेला, तर बाबा टीपीएमला नाही, तुम्हाला जबाबदार धरतील.

जाता जाता

एक्सपीचा तो हिरव्या टेकडीचा वॉलपेपर आठवतो? ती टेकडी खरी आहे. चार्ल्स ओरिअर या फोटोग्राफरनं १९९६मध्ये कॅलिफोर्नियात, सोनोमा भागात हा फोटो काढला. पुढे त्या टेकडीवर द्राक्षाचे वेल आले. एक्सपी गेलं, सेव्हन गेलं, दहाही गेलं, टेकडी आहे तिथेच आहे. पुण्यात असती, तर एव्हाना तिच्यावर ‘हिल व्ह्यू’ नावाचे टू बीएचके उभे असते. आणि ब्रोशरवर फोटो? तोच, एक्सपीचा!