यकृताची आधी विचारपूस

एक भगिनी विचारतात, "यजमानांची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांनी 'दारू किती घेता?' असे विचारले, तर हे म्हणाले, 'कधीमधी.' ते 'कधीमधी' रोजचेच आहे! मी मध्ये बोलावे काय?"

बोलावे, आणि शस्त्रक्रियेच्या तारखेआधी बोलावे.

यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे, फार उशिरा कुरकुरणारे इंद्रिय. रक्त गोठवणारी बहुतेक द्रव्ये तेच तयार करते, अनेक औषधांची विल्हेवाटही तेच लावते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येतो. तिथे प्राणवायू आधीच खर्च झालेला असतो. म्हणून भुलेत रक्तदाब फार उतरला, की यकृताची उपासमार होते. निरोगी यकृत ती सोसते. दारूने निबर झालेले यकृत सोसत नाही. मग रक्तस्राव आवरत नाही, कावीळ होते, पोटात पाणी साठते.

१९५६ साली हॅलोथेन नावाचे भुलेचे औषध वापरात आले. थोड्या अवधीत ते पुन्हा दिल्यावर काही थोड्या रोग्यांना जबर कावीळ झाली. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी अधिक सुरक्षित औषधांनी घेतली आहे. परंतु भूलतज्ज्ञ कितीही कुशल असला, तरी लपवलेला पेला त्याला कसा दिसणार?

घाई नसेल तर डॉक्टर बहुधा महिनाभर दारू बंद करायला सांगतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती आपल्या मनाने एकाएकी तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

हे एकट्याने जमणे कठीण. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची पाण्याची कथा आपण ऐकली असेल. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या जोडीने नशाबंदीही पाळली. पवारांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली ती मुख्यतः पाण्याच्या कामासाठी. मला मात्र वैद्याच्या नजरेने नशाबंदीचे मोल कमी वाटत नाही. कोपऱ्यावर गुत्ताच नसेल, तर महिना काढणे किती सोपे! शहरात हे काम घरालाच करावे लागते.

तर भगिनी, रुग्णालयात जाताना घरातली सारी औषधे एका पिशवीत घालून न्या. काढे, चूर्णे आणि तापाच्या गोळ्याही. पूर्वी कावीळ झाली असेल तर तेही सांगा. हर्निया अडकून पोट दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, तर महिनाभर थांबू नका; त्याच रात्री निघा, आणि दारूची गोष्ट दारातच सांगा. यजमान रागावतील. रागावू द्यात.